चार वाजता मेकॅनिक, पाच वाजता व्यापारी

मी एक जुना सीडी प्लेअर आहे, मित्रांनो, आणि जुना म्हटलं म्हणून लगेच नाकं मुरडू नका. तुमचा जन्मही झाला नव्हता तेव्हा मी भरात होतो. चकचकीत सीडी पोटात घ्यायची, प्रकाशाच्या बारीक डोळ्याने ती वाचायची आणि गाणं ऐकवायचं, हे माझं काम.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि तिथून बाबांनी मला घरी आणलं. बाबा छापखान्यात कामाला होते. शाईचे हात तीनदा धुतल्याशिवाय ते मला शिवत नसत. पाहुण्यांसमोर तर माझं कोण कौतुक! मी अगदी फुगून जायचो.

मागच्या वर्षी बाबा लेकीकडे राहायला आले, आणि त्याच दिवसापासून मी मुका झालो. सीडी घातली तरी माझ्या पट्टीवर दिसायचं, ‘सीडी नाही’. अहो, आहे की! पण सांगणार कसं?

बाबांचंही अलीकडे विसरणं वाढलं होतं. एकदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून त्यांची लेक, आमची ताई, घरातलं सगळं एकटीच ठरवायची. ‘माझ्याच हातून बिघडला,’ असं म्हणत बाबा माझ्यासमोर तासन्‌तास बसायचे. त्यांचं हे झुरणं ताईला बघवेना. शेवटी तिने जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “बंद आहे ना? मग सुटे भाग काढून घेईन. पाचला येतो.”

सुटे भाग! म्हणजे माझे तुकडेच की!

शेवटचा प्रयत्न म्हणून चार वाजता मेकॅनिककाका आले. टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांनी माझं वरचं झाकण उघडलं, फुंकर मारली, डोळा पुसला. तरी ‘सीडी नाही’.

“डोळा कमजोर झालाय,” काका म्हणाले. “इथला स्क्रू फिरवून प्रकाश वाढवतो. जमलं तर जमलं. जास्त फिरला तर मात्र कायमचा जाईल.”

“फिरवा,” ताई म्हणाली. “नाहीतरी तो जाणारच आहे.”

पावणेपाच झाले होते. पेचकस माझ्या डोळ्यापाशी टेकला. मेलो, मित्रांनो, आता मेलो!

“थांबा हो!” पेचकस दिसताच बाबा एकदम उठले. “त्याला उलटा करा आधी.”

“बाबा, तुम्ही बसा ना जरा.”

“अगं, उलटा कर म्हणतो ना!”

काकांनी मला पालथा केला. माझ्या बुडाशी दोन लाल स्क्रू घट्ट आवळलेले होते. प्रवासात आतला डोळा हलू नये म्हणून ते आवळतात आणि पोचल्यावर सोडतात. सामान हलवताना बाबांनी ते काळजीने आवळले होते, अन् सोडायचे साफ विसरले होते.

काकांनी कपाळावर हात मारला. “आणि मी वरून शोधतोय!”

स्क्रू सुटले, सीडी फिरली आणि माझ्या गळ्यातून सूर निघाला. इतक्यात बेल वाजली.

दारातच व्यापाऱ्याने कान टवकारले. “चालू झाला? मग मोडत नाही, अख्खाच घेतो. तिप्पट देतो, बोला!”

बाबा खाली मान घालून म्हणाले, “देऊन टाक, बाळा. आज हे विसरलो. उद्या अजून काहीतरी करून ठेवीन.”

व्यापारी खिशात हात घालू लागला. माझा जीव टांगणीला लागला होता. मग ताई स्टूल ओढून बाबांसमोर बसली.

“माझं चुकलं, बाबा. मी तुम्हाला विचारलंच नाही. प्लेअर तुमचा आहे. विकायचा का?”

बाबांनी मान वर केली.

“नको,” ते म्हणाले. “मला हवाय तो.”

व्यापारी कुरकुरत जिना उतरला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना जपून हाताळा, हे तर मी सांगणारच. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी काही ठरवण्याआधी त्यांना विचारा. मला बोलता येत नाही, म्हणून मी गप्प असतो. त्यांना बोलता येतं.