दोन आखूड सूर

मित्रांनो, मी उत्तनच्या लग्नाच्या बँडमधला एक जुना मोठा ढोल आहे, आणि भित्रा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण माझा आवाज ऐकून लोकांचा गैरसमज होतो. यात माझा दोष नाही. खारी गावच्या काशीनाथ कारागिराने लाकडाची पट्टी वाकवून माझा घेर केला आणि दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं ताणलं. तो बकरा शेवटी फार थरथरत होता म्हणे. ती थरथर माझ्याकडे वारशाने आली.

पस्तीस वर्षं मी टोनी अंकलच्या पोटावर काढली. उजव्या हाताने तो मला बडवायचा आणि डावा तळवा दुसऱ्या कातड्यावर मायेने टेकवून ठेवायचा. एका लग्नात तर करवलीने नवऱ्याआधी मलाच हळद लावली. डाग अजून आहे.

आमच्या बँडमध्ये सूर लिहिलेला कागद नसतो. माणसं नाचतील तशी चाल वळते. फ्लेव्हिया ट्रम्पेट वाजवते, तीच म्होरकी. मनात येईल तेव्हा ती दोन आखूड सूर फुंकते. ते ऐकले की बाकीचे थांबतात आणि मोठा ढोल एकटा चार ठोके देतो. त्या ठोक्यांना आम्ही पूल म्हणतो. पुलावरून सगळे नव्या चालीत उतरतात. पूलच नसला तर काय होतं, हे खाडीकाठच्या माणसांना सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी टोनी अंकलला ऐकू येईनासं झालं. हे फक्त मला ठाऊक होतं. ट्रम्पेटचे दोन सूर माझ्या कातड्यावर थरथरायचे, ते तो डाव्या तळव्याने ओळखायचा आणि पूल टाकायचा. म्हणजे अंकलचे कान मी. भित्र्याला केवढी ही नोकरी! त्यात वयोमानाने माझं कातडं सैल पडत चाललं होतं.

एकदा छोटा ढोल वाजवणारा शेन म्हणाला, "अंकल, ह्याला आता रिटायर कर. मशीन आणू. बटण दाबलं की धडाधड!"

टोनी अंकलने हसून मान डोलावली. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझी मात्र गाळण उडाली.

मग जेसल पार्कमधल्या एका हॉलमधलं दुपारचं लग्न आलं. वीज गेली आणि आमच्या पाठीशीच जनरेटर सुरू झाला. त्याची घरघर जमिनीतून, स्टेजच्या फळ्यांमधून वर चढली आणि माझं कातडं सारखं थरथरू लागलं. आता त्यातून दोन सूर कसे ओळखायचे? अंकलने तळवा घट्ट दाबला. त्याला घाम फुटला होता. पाहुणे नाचत होते आणि मी मनात म्हणत होतो, फ्लेव्हिया, आज चाल वळवू नकोस गं.

फ्लेव्हियाने दोन सूर फुंकले.

सगळे थांबले. अंकल थांबला नाही. जुनाच ठेका तो बडवत राहिला, एकटा, भरल्या हॉलमध्ये. मग त्याला बाकीच्यांचे थांबलेले हात दिसले आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. माझ्या डोळ्यांपुढे भंगारवाला उभा राहिला.

तेवढ्यात शेनने तोच चुकलेला ठेका छोट्या ढोलावर जशाचा तसा वाजवला. बँडचा जुना नियमच आहे: एकाची चूक दुसऱ्याने उचलली की ती चाल होते. फ्लेव्हिया वाजवत वाजवत पुढे आली. तिने ट्रम्पेटचं तोंड माझ्या कातड्यापासून चार बोटांवर आणलं आणि दोन सूर पुन्हा फुंकले. जनरेटरची काय बिशाद! मी नखशिखांत हादरलो. अंकलने चार ठोके दिले. नवऱ्याचे काका ओरडले, "वो बीचवाला फिरसे बजाओ!"

नंतर अंकल हळूच म्हणाला, "पोरी, मला ऐकू येत न्हाय."

फ्लेव्हियाने बोटं दाखवून, तोंड मोठं करून सांगितलं, "दोन वर्षं ठाऊक हाय! तुझ्याकडं तोंड करून मी उगीच वाजवते काय? तुझं थोबाड बघायला?"

अंकलने शेनकडे पाहिलं. शेनने माझा दोर ताणत त्याला खुणेने सांगितलं: कातडं नवीन टाकू, ढोल हाच.

म्हणजे दोन वर्षं आम्ही दोघं लपवत होतो आणि बाकीचे आम्हाला लपवू देत होते. आता नव्या कातड्याची भीती वाटते आहे. ते कुठल्या बकऱ्याचं असेल कोण जाणे. पण मित्रांनो, एवढं करा. ढोल ओलीत टाकू नका, दोर वेळेवर ताणा. आणि शेजारच्याला ऐकू येत नसेल तर ओरडू नका. चार बोटं जवळ जा.