ओटीवरचा बरका

शेलार गावात गुणाबाईच्या परसातला फणस कापा जातीचा. गरा कुरकुरीत, हाताला चिकटायचा नाही, चार माणसांत ऐटीत खावा असा. तिला त्याचा तोरा एवढा, की जणू झाडाला गोडी तिनंच शिकवली होती. मऊ बरक्याचं नाव काढलं तरी ती नाक मुरडायची. लिबलिबीत गरा, दातांना काम नाही आणि कोपरापर्यंत ओघळ. हे काय फळ झालं?

पाच वर्षांपूर्वी सुनेचे, म्हणजे प्राजक्ताचे वडील दामू खारबावहून आले, ते खांद्यावर आपल्या झाडाचा बरका घेऊन. लेकीच्या सासरी नेलेला पहिलाच फणस. ओटीवर शेजारीपाजारी बसलेले. फणस फोडल्यावर गुणाबाईनं एक गरा चेपून बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्याकडं हा गुरांना घालतात."

माणसं हसली. दामूही हसले बिचारे, आणि पाणी पिऊन निघाले. पुन्हा म्हणून ते लेकीच्या घरी आले नाहीत. प्राजक्ता सासूला एका शब्दानं बोलली नाही. फक्त सासरच्या काप्याचा एकही गरा तिनं कधी तोंडात घातला नाही. गुणाबाईला वाटायचं, पोरीला आवडत नसेल.

यंदा गुणाबाईचे उरलेसुरले दात काढले. कवळी महिन्यानं मिळणार होती. इकडं झाड लगडलेलं, घरभर घमघमाट, आणि बाई गरा नुसता हिरड्यांवर घोळवून परत ताटलीत ठेवायची. चार दिवसांत तिचा जीव मेटाकुटीला आला.

त्याच आठवड्यात प्राजक्ता माहेरी जाऊन आली आणि तिनं मुकाट्यानं एक डबा सासूपुढं ठेवला. आठळ्या काढलेले बरक्याचे गरे. गुणाबाईनं आढेवेढे घेत एक उचलला. तो न चावताच घशाखाली उतरला आणि जिभेवर नुसता मध राहिला. डबा चाटूनपुसून संपला, तेव्हा कुठं तिनं विचारलं, कुणी दिला म्हणून.

"बाबांनी. म्हणाले, विहीणबाईंना चावत न्हाय, त्यांना ने. माझं नाव सांगू नको."

गुणाबाईला रडूच आलं. लाज वाटली, मनापासून लाज वाटली. तिनं लेकाला, भूपेशला, फोन लावायला सांगितलं.

"व्याही, आता फणस पाठवू नका. तुम्ही घेऊन या."

रविवारी दामू आले आणि खांद्यावर फणस तसाच धरून दारात घुटमळले. ओटी माणसांनी भरली होती. पाच वर्षांपूर्वी हसलेला एकेक जण गुणाबाईनं आठवणीनं बोलावला होता. तिनं व्याह्यांना मधोमध बसवलं, कोयतीला तेल लावून बरका स्वतः फोडला आणि सगळ्यांदेखत खायला लागली. रस हनुवटीवरून ओघळला, कोपरावर आला. तिनं पुसला नाही.

"आमच्याकडं हा मी खाते," ती म्हणाली.

दामू खाली मान घालून डोळे पुसत राहिले. तेवढ्यात आतून प्राजक्ता ताट घेऊन आली, बापाच्या शेजारी बसली आणि ताटातला सासरच्या काप्याचा एक गरा उचलून तिनं कुरकुर चावला.