दुसरी मोट

देशातलं पहिलं मतदान नुकतंच झालं होतं. त्या उन्हाळ्यात ह्यांना जुलाब लागले. जुलाब थांबले, पण पाय गेले. धडधाकट माणूस बाजेवर ओंडक्यासारखा पडून. माझ्या सासूबाई धुरपदाबाई घरातल्या वैद्य. त्यांनी ठरवलं, अंगात वात भरलाय, एरंडेल द्या. मळ्यात केळी लगडलेली, पण केळं थंड म्हणून तेही बंद. एरंडेलाने जुलाब पुन्हा लागले आणि ह्यांचे हातसुद्धा ढिले पडले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कोणाला न विचारता गाडी जुंपायला लावली आणि शहरातल्या शनवारा पेठेतून गजानन डॉक्टरांना घेऊन आले.

डॉक्टरांनी लघवी होते का विचारलं, नाडी पाहिली आणि लघवीच्या जळजळीवरचं औषध दिलं.

सासूबाई खवळल्या. "पाय गेले, अन् डागदर पेशाबची दवा देऊन राह्यला."

"मावशी, ह्या दवेत पोटॅशियम आहे. जुलाबात तेच वाहून गेलं, म्हणून पाय चालत नाहीत. पाटाला पाणी कमी पडलं तर काय करता?"

"दुसरी मोट जुंपतो," मीच म्हणाले.

"मूत्रपिंड तेच करतं. लघवीत चाललेलं पोटॅशियम मागे ओढून घेतं. ते वाचवतंय आणि तुम्ही एरंडेल देऊन सांडताय. दवा द्या, केळी द्या. ढिलाई छातीत गेली तर श्वास थांबेल."

आता माझी नात सांगते, मूत्रपिंडातल्या पेशी खरंच जास्तीचे पंप बसवतात. मला तेव्हा मोट समजली, तेवढी पुरली.

डॉक्टरांची पाठ वळताच सासूबाई एरंडेलाची बाटली घेऊन आल्या. मी बाजेच्या आडवी उभी राहिले.

"सोमवारपर्यंत हे उठले नाहीत, तर मीच एरंडेल पाजीन," मी म्हणाले.

बोलून गेले आणि कामाला लागले. दवा पाजत होते, केळं कुस्करून भरवत होते. आधी बोटं हलली, मग गुडघे. रविवारी हे भिंतीला टेकून बसले.

सोमवारी उजाडताच पाहिलं तर बाज रिकामी. तेवढ्यात विहिरीवरून चाकाची कुरकुर ऐकू आली. आम्ही दोघी धावलो. एका मोटेवर आमचा सालदार गडी निंबा होता आणि दुसऱ्या मोटेवर, बैलाच्या पाठीवर हात टेकून, हे. मी मोठ्याने हसले. जिंकले होते, लपवू कशाला?

सासूबाई घरात गेल्या, एरंडेलाची बाटली घेऊन आल्या आणि सगळी मोटेच्या चाकावर ओतली.

"चाक लई कुरकुरते," त्या म्हणाल्या.