भोंगा गप्प झाला तो डिसेंबर

सान्ता ब्रिगिदात माझ्या भोंग्याची कीर्ती अशी, की बायकांच्या सपाता अर्ध्या किमतीत असं एकदा मी पुकारलं, तर पाद्रीबाबा प्रार्थना अर्धी टाकून रांगेत येऊन उभे राहिले. नदीतल्या दोन मगरीही काठावर आल्या होत्या. त्यांच्या मापाच्या सपाता निघाल्या नाहीत, हा दोष दुकानाचा, माझा नव्हे.

दुकान नायिबशेठचं, कपड्यांचं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे अंगावर कोरं कापड नसेल त्याला कुणी दारात उभं करत नाही. म्हणून डिसेंबर लागला की मी तीनचाकी सायकलीला भोंगा बांधून गावभर पुकारत फिरायचो. शेवटची फेरी चार वाजता, धक्क्यावर. तिथं भोंग्याचं तोंड मी नदीपलीकडच्या प्लायोन गावाकडे वळवायचो. शेठला सांगायचो, तिकडं गिऱ्हाईक फार. खरं म्हणजे तिकडं दिओसेलिना होती.

तरुणपणी तिला मागणी घालायची सोडून मी एका सर्कशीच्या जाहिराती पुकारत तीन वर्षं भटकलो. परतलो तोवर तिनं एका नावाड्याशी लग्न केलं होतं. तो नावाडी वारून आता नऊ वर्षं झाली. नऊ वर्षं दर डिसेंबरात मी घसा फोडला, आणि नऊही वेळा अख्खं प्लायोन होड्या भरभरून आलं, ती सोडून. तिची यादी शेजारणीच्या हाती यायची. तिनं एकदा तरी स्वतः या काठावर उतरावं, एवढंच मला हवं होतं.

यंदा शेठची भाची बारांकिया शहरातून शिकून आली. तिनं दुकानावर दिव्यांची पाटी लावली. ती इतकी लखलखीत, की समोरच्या कोंबड्या फसून दिवसाला दोन-दोन अंडी घालू लागल्या. शिवाय फोनवर जाहिराती सोडल्या. लोक आमची जाहिरात आवडीनं बघत, आणि तिच्याच खाली दिसणाऱ्या बारांकियाच्या दुकानातून कपडे मागवत.

पण शेठला कोण सांगणार? मला म्हणाले, "एलादियो, गिऱ्हाईक आता कानानं येत नाही, अंगठ्यानं येतं. तू आत बसून घड्या घाल."

भोंगा माळ्यावर गेला. चार वाजले की माझा घसा आपोआप खाकरायचा, आणि समोर नुसते सदरे.

तेवीस तारखेला दुपारच्या होडीतून दिओसेलिना उतरली. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या, कोऱ्या कपड्यांत. दुकानात येऊन तिनं भाचीला विचारलं, एलादियोला कुठं पुरलंय. भाचीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

दिओसेलिना म्हणाली, "मेला नाहीस होय रे? आणि मी मेली हा झगा शिवलेला मागवला."

"कुठून?"

"फोनवरून. बारांकियाचा. तुमच्याकडे काळं कधी धड मिळालंय?"

मी तिला धक्क्यावरच्या बाकावर बसवलं, कोरोसो फळाचं सरबत पाजलं. तिनं सांगितलं, की भोंगा ऐकू येईना तेव्हा पहिले आठ दिवस तिला वाटलं मला खोकला झाला असेल. पंधरा दिवस झाले तेव्हा तिनं मेणबत्ती लावली. विसाव्या दिवशी झगा मागवला.

मग नऊ वर्षांचं साचलेलं मी विचारलंच. "एवढं ऐकत होतीस, तर एकदाही का आली नाहीस?"

"कशाला येऊ? रोज चारला तूच माझ्या ओसरीवर येऊन बसायचास. मी खुर्चीसुद्धा तुझ्याकडे तोंड करून ठेवायची."

होडीवाल्यानं हाक दिली. ती उठली, झग्याची सुरकुती झटकली. "उद्या हाच घालावा लागणार आता," म्हणाली, आणि होडीत पाय ठेवता ठेवता, "उद्या चारला बोल हं. घर फार गप्प झालंय."

होडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. भोंगा गप्प ठेवला तरच ती या काठाला येते, एवढं गणित मलाही कळतं. पण मेल्याची बातमी एका माणसाला एकदाच खपवता येते.

चोवीसला शेठला न विचारता भोंगा माळ्यावरून काढला. चार वाजता धक्क्यावर त्याचं तोंड प्लायोनकडे वळवलं आणि विकायला काहीच नसताना तासभर बोललो.

ती आली नाही.