नानाजींच्या फोनातली खरखर

हिंगणघाटातच राहून सॉफ्टवेअर लिहायचं, हा काजलचा हट्ट. तिचे बाबा प्रभाकरराव शाळेत मास्तर, शिवाय आठ एकरांत कपाशी. त्यांनी मुदत दिली होती, "दिवाळीपर्यंत काही करून दाखव. नाई तं सीधी पुण्याले जाय."

काम मिळालं नानाजी जिनिंगवाल्यांचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीचं. कापूस कधी आणायचा, हे शेतकऱ्यांना कॉम्प्युटरने फोन करून सांगायचं. आवाज नानाजींचाच, टेप केलेला, "उद्या जिनिंग सुरू हाये. कापूस आणजा."

आता फोन इंटरनेटवरून लावायचा की सिमकार्ड जोडून मोबाइलवरून? २००८ साली तिथलं इंटरनेट म्हणजे रुसलेला जावई, मर्जी असली तर बोलणार. काजलचा कौल मोबाइललाच होता. तरी खात्री करायला तिने निम्म्यांना असा, निम्म्यांना तसा फोन लावला. मोबाइलवर आवाज खणखणीत आला. इंटरनेटवर "उद्या... निंग... पूस..." आणि पुढे नुसती खरखर.

दुसऱ्या दिवशी फाटकात गाड्यांची रांग लागली. सगळे खरखरवाले! मोबाइलवाल्यांपैकी एकटे रूपराव आले, तेही रिकाम्या हाताने भांडायला.

"नानाजी, मी तुमच्या गुडघ्याचं विचारून राह्यलो, अन् तुमी फोन ठेवून देल्ला? काऊन, एवढे मोठे झाले का?"

नानाजींनी रांगेतल्या चिंधूला विचारलं, "अन् तू कसा आला?"

"तुमी बिचारे किती वरडून राह्यले होते! लाईन खराब, त्याले तुमी काय करान? म्हटलं, जाऊनच पाहू. अन् जाच लागते तं कापूस घेऊनच जाऊ."

"मोबाइलवर आधी 'कसे आहा?' टाकते," काजल घाईने म्हणाली.

"मंग ते हकीकत सांगतीन," नानाजी म्हणाले. " तुही मशीन आयकीन काय? इंटरनेटच ठेव. अन् लाईन सुधरवू नोको!"

काम टिकलं, पण अब्रू गेली. घरी तिने 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच सांगितलं. "म्हणजे टायपिंग," बाबा म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर गावात नवं ब्रॉडबँड आलं आणि नानाजींचा आवाज लख्ख झाला. झाली पंचाईत! काजलने दोन दिवस खपून सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच्या हाताने खरखर घातली. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये हे पाप कोणी शिकवलं नव्हतं. नानाजींनी यादीत नवी नावं घातली होती, त्यात पहिलंच नाव प्रभाकररावांचं.

संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. ते अंगणात ओरडत होते, "हॅलो! नानाजी! आयकू नाई येत!" काजल दाराआड उभी होती. आता बिंग फुटणार आणि आपली पुण्याला रवानगी होणार, असं तिला वाटलं.

बाबांनी साऱ्या गल्लीला कळेल असा आवाज चढवला. "नानाजी, फिकर करू नका! आमची काजल हाये न, तिले घेऊन येतो. लाईन दुरुस्त करून देईन ते. लई हुशार पोरगी! पुण्याले काऊन जाईन ते? तिच्याबिगर चालन का इथं?"

काजलला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. बाबांनी फोन खिशात टाकून हाक मारली, "पोरी, चप्पल घाल. नानाजी वाट पाहून राह्यले."