नाक चोंदलेला पहिला अल्बम

घरात आणि बँडमध्ये तिला सगळे धाकटीच म्हणत. दिवसा ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवी आणि संध्याकाळी गाई. गिटार दादाची, ड्रम्स वहिनीचे, आणि बेस वाजवणारा दादाचा मित्र इतका उंच, की त्याला लांब्याच म्हणत. चौघं ऑल्टरनेटिव्ह रॉक वाजवत. शेजारी त्याला नुसता रॉक म्हणत, तेही चांगल्या मूडमध्ये असले तर.

पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग ठरलं आणि नेमकी धाकटीला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, घसा बसलेला.

"स्टुडिओची तारीख परत मिळायची नाही," दादा म्हणाला. "गा तशीच."

ती तशीच गायली. ओळ संपली की शिंकायची आणि पुढची धरायची.

अल्बम आला, आणि एका नावाजलेल्या समीक्षकाने त्यावर भरभरून लिहिलं. दादाने स्वयंपाकघरात उभं राहून मोठ्याने वाचलं, "गायिकेच्या फाटलेल्या, भिजलेल्या स्वरात अशी वेदना आहे, की ऐकणाऱ्याच्या पोटात कालवावं."

"भिजलेला तर होताच," वहिनी म्हणाली. "रुमालावर रुमाल पिळत होती!" आणि हसता हसता तिला ठसका लागला.

बाकीच्या समीक्षकांनीही त्याचीच री ओढली. पहिल्या कार्यक्रमाची तिकिटं हातोहात खपली. आता पंचाईत अशी, की धाकटी ठणठणीत बरी झाली होती आणि आवाज काचेसारखा लख्ख. दादाने तिच्यापुढे आइस्क्रीमचा डबा ठेवला.

"अहो, बहीण आहे ती तुमची," वहिनीने डबा उचलला. "आजारी पाडता की काय तिला?"

कार्यक्रमाला समीक्षक पहिल्याच रांगेत. त्याला बघून धाकटीने पहिलं गाणं मुद्दाम घसा खरवडून सुरू केलं. दुसऱ्या कडव्यात असा खोकला उसळला, की गाणंच थांबलं.

ती माइकजवळ आली. "खरं सांगू? रेकॉर्डिंगला मला सर्दी झाली होती. माझा आवाज असा नाहीच. चालेल का?"

आधी मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा हॉल. वहिनीने काठ्या आपटून ताल धरला आणि धाकटी मोकळ्या गळ्याने गायली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिसऱ्या गाण्याला लोक खुर्च्या सोडून उभे होते.

कार्यक्रम संपल्यावर समीक्षक स्टेजमागे आला, कानापर्यंत लाल होऊन.

"मी एवढी वेदना लिहिली, तिचं आता काय करू?"

"ती तुमचीच हो," धाकटी म्हणाली. "मी नुसती शिंकत होते."

तो इतका हसला, की त्याला भिंतीला टेकावं लागलं. जाताना म्हणाला, "अल्बम पुन्हा ऐकतो. या वेळी नीट."

त्याने शब्द पाळला. नव्या लेखात आधी स्वतःचीच टर उडवली आणि मग लिहिलं, की आवाजाच्या नादात माझं ड्रम्सकडे लक्षच गेलं नाही. या अल्बमचा खरा जीव तिथे आहे. वहिनीने तो परिच्छेद फोनवर आईला वाचून दाखवला, मग सासूबाईंना, मग लांब्याला, त्याने तो आधीच वाचला असूनही.

"आणि गिटारबद्दल?" दादाने हळूच विचारलं.

वहिनीने शेवटपर्यंत नजर फिरवली. "आहे ना. 'इतर वाद्येही वाजत होती.'"