पितृपंधरवड्यातली सही

मुलांनो, जरा कल्पना करा. दवाखान्यातली लोखंडी खाट आहे. खाटेवर बजरंग नावाचा माणूस आहे. मंडईत त्याचा भाजीचा गाळा. त्याच्या छातीवर एक टाइप केलेला कागद आहे आणि शेजारी यज्ञेश्वर वकील पेनाचं टोपण काढून उभे आहेत. साक्षीला दोन माणसंही थांबली आहेत. आता फक्त सही व्हायची आहे.

"आज नको वकीलसाहेब," बजरंग म्हणाला. "पितृपाठ चाललाय. असल्या कागदाला या दिवसांत हात लावू नये. पोरीला बाधायचं."

पोरगी म्हणजे आनंदी, पाच वर्षांची. तिची आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून ठकूमावशीनं तिला वाढवलं होतं. आपल्यामागं आनंदी मावशीकडेच राहावी, एवढंच त्या मृत्युपत्रात होतं. धायरीचा चुलता हिंदुराव पाच वर्षांत दोनदा फिरकला होता.

यज्ञेश्वर वकिलांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण एकतीस वर्षं ते पुण्यात मृत्युपत्रं, विश्वस्त संस्था आणि अल्पवयीन मुलांचं पालकत्व हेच काम करत आले होते. कोर्टातले मित्र चिडवायचे, "यज्ञेश्वरराव, तुमचे अशील एकतर गेलेले, नाहीतर अजून वाढायचे!" माणसं पितृपंधरवड्यात साधी चप्पलसुद्धा घेत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. दरवर्षी त्या पंधरा दिवसांत ते सह्या पुढं ढकलत. आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "सर्वपित्री झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी येतो. आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

त्यांनी टोपण लावलं. साक्षीदार चहाला गेले.

पाचव्या दिवशी बजरंग गेला.

हिंदुरावानं आनंदीचा ताबा मागितला. चार महिन्यांनी कोर्टात न्यायाधीशांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"सही?"

"नाही, साहेब."

"मयताची इच्छा तुम्हाला माहीत होती. साक्षीदार हजर होते. मग सही का घेतली नाहीत?"

यज्ञेश्वर वकिलांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. "पितृपंधरवडा होता, साहेब."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी बिनसहीचा कागद बाजूला ठेवला. हिंदुरावाचं स्वतःचं घर होतं, घरात बाईमाणूस होतं, तो बापाचा सख्खा भाऊ होता. मावशी भाड्याच्या एका खोलीत राहून मंडईबाहेर लिंबं विकायची. तिच्या बाजूनं बोलेल असा तो एकच कागद होता.

बाहेर पायऱ्यांवर ठकूमावशीनं वकिलांना गाठलं. ती रडत नव्हती. "अहो, तुम्ही शिकलेले. तो आजारी होता, घाबरलेला होता. तुम्ही तरी त्याच्यावर रागवायचं होतंत."

वकील म्हणाले, "हो."

"आता वर जाता येतं ना? मोठ्या कोर्टात?"

"येतं. वर्षं जातात पण. आणि तिथंही ते सहीच विचारतील."

एकतीस वर्षं ज्या शब्दांवर पोट भरलं, त्यातला एकही कामाचा उरला नव्हता.

फाटकाशी रिक्षा उभी होती. हिंदुराव वाईट माणूस नव्हता. फक्त घाईत होता. "मावशे, सणावाराला येत जा की. परकं हाय व्हय घर?" असं म्हणून त्यानं आनंदीला उचलून आत बसवलं आणि पलीकडच्या बाजूनं स्वतः चढला. मावशी फाटकातच थांबली होती.

आनंदीनं तिच्याकडं पाहिलं. मग ती चुलत्याला अगदी खेटून सरकली, अलीकडच्या रिकाम्या जागेवर तळहात ठेवला, आणि रिक्षा हलली तरी मावशीसाठी ती जागा धरून बसली.